अथेन्सची सोडत

अथेन्समधल्या अगोरा संग्रहालयात एक मोडकी संगमरवरी शिळा ठेवली आहे. तिच्यावर उभ्या-आडव्या रांगांमध्ये बारीक खाचा आहेत. जुन्या कारखान्यांच्या गेटपाशी कामगारांची हजेरीची कार्डं खोचायचा बोर्ड असायचा, तो आठवा. साधारण तसंच दिसतं. या शिळेला क्लेरोटेरिऑन म्हणतात. मराठीत सांगायचं तर सोडत काढायचं यंत्र.

प्राचीन ग्रीसचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. लोकशाही खरंच त्यांनी सुरू केली का? सगळे जण मत द्यायचे का? एवढे शहाणे होते तर सॉक्रेटिसला विष का पाजलं? आणि गुलाम ठेवायचे, मग कसली आली लोकशाही? मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि आता कोड लिहून पोट भरतो. पण या प्रश्नांची उत्तरं वाचत गेलो तसा प्रत्येक वेळी फिरून या शिळेपाशीच आलो. म्हणून हे नेहमीचे प्रश्न इथे त्या यंत्राच्या वाटेनंच घेतो.

अथेन्समध्ये निवडणुका व्हायच्या का?

व्हायच्या, पण फार थोड्या पदांसाठी. सैन्याचे दहा सेनापती दर वर्षी मतदानानं निवडले जात आणि एकच माणूस कितीही वेळा निवडून येऊ शकत असे. पेरिक्लीस असाच वर्षानुवर्षं निवडून येत राहिला. बाकी बहुतेक कारभार सोडतीनं ठरायचा. बाजारातली वजनं-मापं तपासणारे, रस्ते बघणारे, तुरुंगाचे अधिकारी, खटले ऐकणारे पंच हे सगळे चिठ्ठीनं ठरत. इ.स.पू. ४८७पासून आर्कन म्हणजे पूर्वीचे सर्वांत मानाचे अधिकारीही सोडतीनंच निवडले जाऊ लागले.

आपल्याला हे उलटं वाटतं, कारण आपल्या डोक्यात लोकशाही म्हणजे मतदान हे घट्ट बसलंय. ॲरिस्टॉटलच्या काळात समज वेगळी होती. पदं सोडतीनं भरणं हे लोकशाहीचं लक्षण आणि मतदानानं भरणं हे मूठभरांच्या राज्याचं लक्षण, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. कारण सरळ आहे. निवडणुकीत कोण जिंकतो? ज्याचं नाव आधीच माहीत आहे, ज्याच्याकडे पैसा आहे, ज्याला बोलता येतं, ज्याचा बाप कुणीतरी होता. चिठ्ठीला यातलं काहीच कळत नाही.

ही व्यवस्था एका दिवसात आली नाही. इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनीस नावाच्या पुढाऱ्यानं अथेन्सची नव्यानं मांडणी केली. त्यानं सगळ्या नागरिकांचे दहा गट पाडले आणि प्रत्येक गटात थोडी शहरातली, थोडी किनाऱ्यावरची, थोडी आतल्या शेतीच्या भागातली गावं घातली. म्हणजे एका बड्या घराण्याचा दबदबा असलेला अख्खा पट्टा एका गटात येणार नाही. डेटाबेस वेगवेगळ्या मशीनवर वाटून टाकताना सगळा भार एकाच ठिकाणी पडू नये म्हणून आम्ही जी खटपट करतो, तीच ही. मग या दहा गटांतून प्रत्येकी ५० असे ५०० जण एका वर्षासाठी सोडतीनं निवडायचे. ही पाचशेंची सभा रोजचा कारभार बघायची आणि मोठ्या लोकसभेपुढे कोणते विषय जाणार ते ठरवायची.

या ५०० जणांवर एक बंधन होतं. आयुष्यात दोनदाच ही संधी मिळणार. इथे कागदावर आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. दर वर्षी ५०० जागा आणि एका माणसाला फार तर दोन वेळा, म्हणजे सरासरी दर वर्षी किमान २५० नवे चेहरे हवेतच. तीस वर्षांत किमान साडेसात हजार. चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तुमच्या गल्लीतल्या दर दोन-चार घरांमागे एकानं कधीतरी मंत्रालयात बसून काम केलेलं असतं, तर आपण राजकारणाबद्दल कसे बोललो असतो, याचा विचार करून बघा.

त्यातही रोज एक जण त्या दिवसापुरता अध्यक्ष व्हायचा, तोही चिठ्ठीनं. एक रात्र आणि एक दिवस. खजिन्याच्या आणि कागदपत्रांच्या किल्ल्या आणि शहराचा शिक्का त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि पहिल्याला पुन्हा आयुष्यात कधीच ती पाळी नाही. वर्षाचे दिवस आणि ५०० माणसं यांचा हिशोब केला तर सभेत आलेल्या माणसाला कधीतरी एका दिवसाचा अध्यक्ष व्हायची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास निघते.

हे यंत्र नेमकं चालायचं कसं?

याचं वर्णन 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात मिळतं. तो ॲरिस्टॉटलचा किंवा त्याच्या शिष्यवर्गाचा मानतात. शेकडो वर्षं तो हरवलेलाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि १८९१ साली छापून प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे त्या गुंडाळ्यांच्या एका बाजूला कुठल्याशा शेतीचे जमाखर्च होते. कुणीतरी रद्दी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर राज्यघटना उतरवून काढली होती. तरीही क्लेरोटेरिऑन हा शब्द म्हणजे एखादी खोली असावी असंच अभ्यासक धरून चालले होते. १९३०च्या दशकात स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन अभ्यासकानं उत्खननात निघालेल्या खाचांच्या शिळांशी तो शब्द जोडला आणि कोडं सुटलं.

समजा आज खटल्यांसाठी पंच निवडायचे आहेत. तीस वर्षांवरचा नागरिक पहाटे यायचा. हातात त्याची पाटी. आपल्या आयकार्डाएवढी नाही, त्याहून अरुंद, लांबट पट्टी. आधीच्या काळात ती कांस्याची असायची, नंतर लाकडी. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि एक अक्षर. त्या अक्षराप्रमाणे पाट्या पेटीत जायच्या आणि मग यंत्राच्या उभ्या रांगांमध्ये खोचल्या जायच्या. यंत्राच्या बाजूला एक उभी नळी. तिच्यात काळे आणि पांढरे ठोकळे मिसळून ओतायचे. खालून एक ठोकळा सोडला आणि तो पांढरा निघाला, तर पहिली आडवी रांग पूर्ण निवडली गेली. काळा निघाला तर त्या रांगेतले सगळे घरी. मग दुसरी रांग, मग तिसरी.

इथवर यंत्राचं झालं. मला जास्त आवडलं ते त्याभोवतीचं पथ्य. पाट्या खोचणारा माणूससुद्धा चिठ्ठीनं ठरायचा, कारण रोज एकच माणूस खोचू लागला तर तो खोडसाळपणा करील. निवडलेल्या पंचानं मग एक गोटी उचलायची. तिच्यावर कोणत्या कोर्टात जायचं ते अक्षर असायचं. त्या कोर्टाच्या दारावरच्या पट्टीला जो रंग, त्याच रंगाची काठी त्याच्या हातात दिली जायची, म्हणजे दुसऱ्याच कोर्टात घुसला तर लगेच दिसणार. कोणता खटला कोणत्या कोर्टात चालणार हेही त्याच सकाळी ठरायचं. लाच द्यायची तर कुणाला? खटला सुरू व्हायच्या घटकाभर आधीपर्यंत न्याय देणारे कोण हे देवालाही माहीत नाही. शिवाय संख्या बघा. लहान खासगी खटल्याला २०१ पंच, मोठ्याला ४०१.

बोलायला वेळ मोजून. मातीच्या भांड्यात पाणी भरायचं, तळाशी भोक. पाणी संपलं की भाषण संपलं. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असायचं, त्याची ही उलटी भावंड. त्यात वाटीत पाणी शिरतं, इथे बाहेर पडतं. अगोरात सापडलेल्या एका भांड्यात साडेसहा लिटरच्या आतबाहेर पाणी मावतं आणि ते सुमारे सहा मिनिटांत रिकामं होतं. मत देण्यासाठी प्रत्येकाच्या हातात दोन चकत्या, दोन्हींच्या मधोमध एकेक दांडी. एकीची दांडी पोकळ, दुसरीची भरीव. दांडीची टोकं बोटांत धरली की पोकळ कुठली आणि भरीव कुठली हे शेजाऱ्याला कळत नाही. गुप्त मतदान.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी दिसते. आपले लोक फार सज्जन आहेत असं समजून हे कुणी बांधलेलं नाही. माणूस संधी मिळाली तर लबाडी करणार, हे धरूनच प्रत्येक पायरी आखली आहे.

कुणाचीही चिठ्ठी निघाली तर कारभाराचा बोजवारा नाही का उडणार?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा, आणि विचारणाऱ्यांत सॉक्रेटिस होता. त्याच्या तरुणपणी सोडत घेवड्यासारख्या काळ्या-पांढऱ्या दाण्यांनी काढत. जहाजाचा सुकाणूवाला किंवा घर बांधणारा सुतार कुणी दाणे टाकून निवडत नाही, मग राज्य चालवणारा कसा निवडता, असा त्याचा मुद्दा झेनोफन सांगतो.

अथेन्सचं उत्तर असं होतं. जिथे कौशल्याशिवाय चालणारच नाही, म्हणजे लढाईत, तिथे निवडणूक. बाकी ठिकाणी एकट्या माणसाच्या हातात काही द्यायचंच नाही. बहुतेक पदं दहा-दहा जणांच्या मंडळाची. चिठ्ठी निघाल्यावर आधी चौकशी. आर्कनला विचारत: तुझे आईवडील कोण, कुठल्या गावचे? त्यांना नीट सांभाळतोस का? कर भरलेस का? लढाईवर गेलास का? पद संपल्यावर पुन्हा हिशोब. पैशाचा एकेक ओबोल दाखवायचा आणि कुणाही नागरिकाला उठून तक्रार करायची मुभा. आणि काम केल्याचा भत्ता मिळायचा. पंचाला आधी दिवसाला दोन ओबोल, पुढे तीन. कुशल कारागिराला तेव्हा दिवसाला सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा मिळे. तीन ओबोलांत कुणी श्रीमंत होणार नव्हतं, पण हातावर पोट असलेल्या म्हाताऱ्याला कोर्टात येऊन बसणं परवडू लागलं.

कुणी डोईजड झालाच तर खापर होतं. वर्षातून एकदा लोकसभा विचारायची की यंदा कुणाला दहा वर्षांसाठी शहराबाहेर काढायचं का. हो म्हटलं तर नंतर एका दिवशी प्रत्येकानं फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव खरवडून आणायचं. एकूण सहा हजार खापऱ्या जमल्या तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, तो बाहेर. जमीनजुमला जप्त नाही, बेअब्रू नाही. फक्त दहा वर्षं तोंड दाखवायचं नाही. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशा १९० खापऱ्या सापडल्या. बहुतेक सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. त्याच्याच धोरणानं बांधलेल्या आरमारानं इ.स.पू. ४८०मध्ये सालामिसच्या खाडीत इराणी आरमार हरवलं होतं. अक्षरं तपासल्यावर लक्षात आलं की १९० खापऱ्या मोजक्याच हातांनी लिहिल्या आहेत. म्हणजे कुणीतरी बसून गठ्ठ्यानं लिहून ठेवल्या होत्या, वाटण्यासाठी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा आयटी सेल. सोडतीला विकत घेता येत नव्हतं, पण जिथे मत होतं तिथे ते विकत घेणारेही होते.

मग सॉक्रेटिसला का मारलं?

याचं उत्तर खटल्याच्या सात वर्षं आधीपासून सांगावं लागतं.

इ.स.पू. ४०६. स्पार्टाबरोबरचं युद्ध पंचवीस वर्षं चाललेलं. आर्गिनुसाई बेटांपाशी अथेन्सच्या आरमारानं मोठी लढाई जिंकली, पण लगेच वादळ उठलं आणि फुटलेल्या जहाजांना धरून तरंगणाऱ्या आपल्याच माणसांना वाचवता आलं नाही. प्रेतंही हाती लागली नाहीत. शहरात विजयाच्या बातमीबरोबर ही बातमीही आली. आठ सेनापतींवर ठपका ठेवला गेला. त्यांतले सहा परत आले, दोघांनी यायचं टाळलं. सणाच्या दिवसांत मेलेल्यांचे नातेवाईक सुतकी कपड्यांत सभेत येऊन बसले. कल्लिक्सेनोस नावाच्या माणसानं ठराव मांडला की प्रत्येकाचा वेगळा खटला नको, सगळ्यांचा निकाल एका मतदानात लावू. हे कायद्याला धरून नव्हतं. तसं म्हणणाऱ्यांना गर्दीनं दम दिला. लोकांना हवं ते करू न देणं हाच अन्याय, असा ओरडा झाला.

त्या दिवशी सभा चालवणाऱ्या पन्नास जणांत सॉक्रेटिस होता. दाण्यांच्या सोडतीवर टीका करणारा हा त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा त्याच सोडतीनं त्या खुर्चीवर बसला होता. बाकीचे घाबरून गप्प झाले. हा ठराव मताला टाकायला त्यानं एकट्यानं नकार दिला. उपयोग झाला नाही. मतदान झालं आणि सहाही जणांना ठार करण्यात आलं.

त्या सहांत एकाचं नाव पेरिक्लीस होतं. थोरल्या पेरिक्लीसचा मुलगा. त्याची गोष्ट पुढच्या प्रश्नात येईल.

काही काळानं लोकांना पश्चात्ताप झाला. पण माणसं गेली होती, आणि दोन वर्षांत अथेन्स युद्धही हरलं. स्पार्टाच्या पाठिंब्यानं तीस जणांची जुलमी राजवट आली. तिचा म्होरक्या क्रितिआस हा एकेकाळी सॉक्रेटिसच्या बैठकीतला. इ.स.पू. ४०३मध्ये लोकशाही परत आली, झालं गेलं विसरून जायचं असं ठरलं, त्यामुळे राजकीय आरोप ठेवता येईना. पण सल होता. इ.स.पू. ३९९मध्ये त्याच्यावर आरोप आला तो शहराचे देव न मानण्याचा आणि तरुणांना बिघडवण्याचा. पंच सुमारे ५००, अर्थात चिठ्ठीनं आलेले. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं प्लेटोनं लिहिलेल्या त्याच्या भाषणात येतं. दोषी ठरल्यावर शिक्षा काय असावी हे आरोपीनंही सुचवायचं असे. मला शहराच्या खर्चानं मानाचं जेवण द्या, असं हा म्हणाला. शेवटी दंडाचा पर्याय दिला, पण तोवर पंच चिडले होते.

लोक म्हणतात, सोडतीच्या लोकशाहीनं सॉक्रेटिसला मारलं. मला वाटतं हे अर्धंच आहे. सेनापतींच्या वेळी आणि सॉक्रेटिसच्या वेळी, दोन्हीकडे सोडत नीट चालली. पहिल्या वेळी तर तिनंच एक खमका माणूस योग्य जागी बसवला. चूक झाली ती दुःखात आणि रागात असलेल्या हजारो माणसांनी एका बैठकीत, पाण्याचं भांडं रिकामं व्हायच्या आत, परत न फिरवता येणारा निर्णय घेतला तेव्हा. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकत नाहीत. अथेन्सला हा धडा मृत्युदंडाच्या बाबतीत शिकायला मिळाला होता. इ.स.पू. ४२७मध्ये बंड केलेल्या मितिलीनी शहरातल्या सगळ्या पुरुषांना मारायचा ठराव त्यांनी केला, जहाज रवाना झालं, दुसऱ्या दिवशी मन बदललं आणि दुसरं जहाज पाठवलं. वल्हवणाऱ्यांनी वल्ही न थांबवता द्राक्षाच्या दारूत आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात ते वेळेवर पोचवलं. तेव्हा एक रात्र मध्ये होती म्हणून बहुतेक शहर वाचलं.

गुलामांचं आणि बायकांचं काय?

लोकसभेत यायचा हक्क प्रौढ पुरुष नागरिकाला. बायकांना नाही. बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेल्यांना नाही. त्यांना मेटिक म्हणत. ते कर भरायचे, लढाईवर जायचे, पण त्यांच्या नावाची पाटी नसायची. गुलामांचा प्रश्नच नव्हता. इ.स.पू. ४५१मध्ये खुद्द पेरिक्लीसच्या प्रस्तावानं कायदा आणखी आवळला गेला: आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे प्लेगच्या साथीत त्याची दोन्ही कायदेशीर मुलं गेली. उरला मिलेटसच्या अस्पासियापासून झालेला मुलगा, जो बापाच्याच कायद्यानं परका ठरत होता. लोकांना दया आली आणि त्यांनी अपवाद करून त्याला नागरिक केलं. नागरिक झाला म्हणून सेनापती होता आलं, आणि सेनापती झाला म्हणून आर्गिनुसाईनंतर मारला गेला.

गुलामांबद्दल आपण सहसा शेती आणि घरकाम एवढंच धरतो. पण यंत्राच्या बाजूनं बघितलं तर एक वेगळीच गोष्ट दिसते. दर वर्षी सगळे अधिकारी नवे. मग जुनी कागदपत्रं कुठे आहेत, खोटं नाणं कसं ओळखायचं, हे कुणाला माहीत असायचं? शहराच्या मालकीच्या गुलामांना. इ.स.पू. ३७५च्या सुमाराचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडलाय. बाजारात बसून चांदीची नाणी पारखणारा हा सरकारी गुलाम. त्यानं खरं म्हटलेलं नाणं नागरिकानं घेतलंच पाहिजे. आणि कामात कुचराई केली तर त्याला चाबकाचे पन्नास फटके. सभेत शिस्त राखणारे धनुर्धारी सिथियन पहारेकरीही विकत आणलेले. नागरिक बदलत राहू शकत होते, कारण बदलायची मुभा नसलेला एक वर्ग खाली उभा होता.

आणि चांदी यायची लाव्रिऑनच्या खाणींतून. निकिआस नावाच्या सेनापतीनं आपले हजार गुलाम खाणीला भाड्यानं दिले होते, डोक्यामागे रोज एक ओबोल. करारात अट होती की संख्या कायम हजारच राहिली पाहिजे. म्हणजे एक मेला तर भाड्यानं घेणाऱ्यानं दुसरा भरायचा. झेनोफन हे उत्पन्नाचं चांगलं उदाहरण म्हणून सांगतो. पंचाचा भत्ता तीन ओबोल, गुलामाचं भाडं एक. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवले, आणि तेव्हापासून त्या शिळेकडे नुसतं कौतुकानं बघता येत नाही.

हे सगळं संपलं कसं?

इ.स.पू. ३२२मध्ये मॅसिडोनियाशी अथेन्स हरलं. अँटिपातर या सेनानीनं अटी घातल्या. यंत्रं फोडली नाहीत. एवढंच ठरवलं की ज्याची मालमत्ता दोन हजार द्राख्मा किंवा जास्त, तोच नागरिक. हजारो गरीब माणसं एका दिवसात यादीतून बाहेर पडली. लोकशाही नंतर येत-जात राहिली. संग्रहालयातली शिळासुद्धा ॲरिस्टॉटलच्या नंतरच्या काळातली आहे. म्हणजे यादी लहान झाली तरी यंत्राला काही फरक पडला नव्हता. आत असलेल्या पाट्यांमध्ये ते तितक्याच प्रामाणिकपणे निवड करत राहिलं.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. यादृच्छिक निवडीचा कोड चार ओळींचा असतो आणि तो तपासणं सोपं असतं. म्हणून सगळे तोच तपासतात. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे दिवाळीला लकी ड्रॉ असायचा. प्रोग्रॅम आमच्या टीमचा, सगळ्यांसमोर चालवायचो, कुणाला शंका घ्यायला जागा नाही. नावांची यादी वरून यायची. कँटीनमधल्या मावशी, सिक्युरिटीचे काका, हाउसकीपिंगची पोरं हे सगळे कंत्राटावर. त्यांच्या आयकार्डाची फीत वेगळ्या रंगाची. त्यांची नावं त्या फाइलमध्ये नसायची. ते मागे भिंतीशी उभे राहून टाळ्या वाजवायचे. ड्रॉ शंभर टक्के खरा होता.

आपल्याकडे सोडत नवी नाही. म्हाडाच्या घरांची सोडत कोण विसरेल? महापालिकेच्या प्रभागांचं आरक्षण ठरतं तेव्हा शाळेतल्या मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढतात, आणि एखादा वर्षानुवर्षांचा नगरसेवक क्षणात घरी बसतो, एखादी बाई पहिल्यांदा उभी राहते. क्लेइस्थेनीसला ते दृश्य आवडलं असतं. आयर्लंडमध्ये २०१६ साली सोडतीनं निवडलेल्या ९९ साध्या नागरिकांची सभा बसवली. गर्भपाताच्या कायद्यासारख्या अवघड विषयावर तिनं महिनोन् महिने तज्ज्ञांचं ऐकलं आणि मग शिफारस केली. २०१८च्या सार्वमतात लोकांनी तो कायदा बदलायला कौल दिला. घाई न करता, माहिती घेऊन बसलेली चिठ्ठीची माणसं काय करू शकतात, ते तिथे दिसलं.

ग्रीकांनी लोकशाही शोधली का, या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणूनच थोडं लांबलं. सत्ता कुणाच्या हातात फार वेळ राहू द्यायची नाही, ही गोष्ट त्यांनी दगडात कोरण्याइतकी पक्की केली. ती घेण्यासारखी आहे. पण पाटी कुणाची करायची हा निर्णय त्या दगडाच्या बाहेर, पन्नास फटक्यांची भीती असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत होत होता, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता कुठलीही सोडत असो, भरतीची यादी असो की कुणाला काय मिळणार हे ठरवणारं एखादं सॉफ्टवेअर असो, मी कोड शेवटी वाचतो. आधी फाइल उघडून किती नावं आहेत ते मोजतो आणि मग खोलीत किती माणसं आहेत ते.